माया

३ मार्च

आई,

तीर्थरूप, साष्टांग वगैरे लिहायला हात वळत नाही, म्हणून नुसतं आई. दोन वर्षांनी लिहिते आहे. फोन करणार नाही. फोनवर तू रडायला लागतेस आणि शेवटी मीच तुझी माफी मागून फोन ठेवते. कागदावर तुझं रडणं ऐकू येत नाही आणि तुला मधेच बोलताही येत नाही.

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. मला दिवस गेलेत. पाचवा महिना संपला. मागच्या वेळेपेक्षा बरेच पुढे आलो आहोत, बाळ आता लाथा मारतं. ही बातमी तुला आनंदानं कळवते आहे असं समजू नकोस. माझं तुझ्याकडे काम आहे.

मला एक गाऊन शिवून हवा आहे, बाळंतपणात घालायला. इस्पितळातले गाऊन एकाच मापाचे असतात आणि ते माप माझं नाही. मागच्या वेळी मला जो दिला होता त्याच्या पाठीवरच्या नाड्यांची आपसात गाठभेटच होत नव्हती. खोलीत कुणी आलं की मी भिंतीला पाठ लावून उभी राहायचे. माझं मूल गेलं होतं आणि मी पाठ झाकत होते. ते या वेळी नको. इथल्या शिंप्याकडे गेले तर तो टेप गळ्यात तसाच ठेवून म्हणाला, "ताई, दोघींचं कापड लागेल," आणि स्वतःच हसला. मी आले परत. तुझ्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नाही, हे रागातसुद्धा कबूल करावं लागतं.

मापं सोबतच्या चिठ्ठीवर आहेत. तुझ्या जावयानं घेतली आहेत, टेप न आवळता. ती बरोबर आहेत. घेणाऱ्याची चूक झाली असेल असं समजून त्यातून काही कमी करू नकोस.

आणि माया ठेव. हे मुद्दाम लिहिते आहे. दुकानात तू प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचीस, "माया ठेवलीय हो आत. उद्या अंग सुटलं तर उसवून घ्या, कपडा वाया जायचा नाही." बायका खूश होऊन जायच्या. मला लहानपणी वाटायचं की माझी आई सगळ्या गावाच्या कपड्यांत माया शिवून देते. माझ्या फ्रॉकांत मात्र ती कधी नव्हती. मावशीनं विचारलं तेव्हा तू म्हणालीस, "हिला माया ठेवली की ही तेवढी वाढते." माझे फ्रॉक मापाला मापही नव्हते, वर बोटभर कमीच. शाळेत कवायतीला हात वर करा म्हटलं की माझी काखेतली शिवण बोलायची. शिवणकाम करणाऱ्या बाईची मुलगी फाटक्या काखेनं उभी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

सही करताना अडखळले. ढब्बू लिहावं की नाही कळेना. बाळ होते तेव्हा तू गालांचे मुके घेत घेत ते नाव ठेवलंस असं बाबा सांगायचे. पुढे कधीतरी त्याच नावाच्या आधी तुझी जीभ टाळूला लागून 'च्च' व्हायला लागलं. ते कोणत्या दिवसापासून, ते मला आठवत नाही.

तुझी मुलगी


२९ मार्च

आई,

तुझं पत्र मिळालं. कापड कोणतं, रंग कोणता, हे विचारलंस. सुती हवं, रंग कोणताही चालेल, पांढरा नको. त्याखाली तू विचारलंस, वजन किती वाढलं आणि डॉक्टर काय म्हणतात. मूल मुलगा की मुलगी याची तुला फारशी उत्सुकता दिसत नाही, लाथ कशी लागते याचीही नाही. वजन मात्र हवं.

डॉक्टर पहिल्या भेटीत म्हणाले, "आधी वजन कमी करून मग यायला हवं होतं." मी म्हटलं, "आता मूल घेऊन आलेय, ते घरी ठेवून येऊ का?" ते हसले नाहीत. मग रक्तदाब घेतला. तो इतका वर निघाला की लगेच दाखल व्हा म्हणाले. मी बाकावर बसून राहिले. तुझा जावई कामावर होता. त्याचं काम तुला माहीत आहे, लिफ्टची दुरुस्ती. डोक्यात एकच चाललं होतं की आई म्हणाली ते खरं होणार. तू काय म्हणालीस ते मी तुला कधी सांगितलेलं नाही. आत्ताही सांगत नाही.

तेवढ्यात तिथली एक नर्स आली. माझ्याहून थोराड आहे, दारातून येताना दार तिला ओळखतं. तिनं माझ्या दंडाकडे पाहिलं आणि पट्टा सोडवला. "हा कुणी लावला? सडपातळ माणसाचा पट्टा आहे हा. तोकडा पट्टा जाड दंडावर आवळला की आकडा वर चढणारच." कपाटातून मोठा पट्टा आणला. मला थोडं शांत बसवून पुन्हा मोजलं. रक्तदाब अगदी जागेवर. डॉक्टरांनीही मग स्वतः पाहिलं, "मोठाच वापरायला हवा होता," म्हणाले आणि मला घरी सोडलं. माणूस वाईट नाही, घाईत असतो.

तोकड्या पट्ट्यानं मोजलं की चांगली धडधाकट बाईसुद्धा आजारी निघते. हे वाक्य मी तुझ्यासाठी जपून आणलं आहे.

ती नर्स दर गुरुवारी दुपारी एक्स-रेच्या खोलीमागे आमच्यासारख्यांना जमवते. आम्हीच नाव ठेवलंय, वजनदार मंडळ. तिथल्या खुर्च्यांना हात नाहीत, त्यामुळे उठताना खुर्ची आपल्याबरोबर उठत नाही. एक बसमधली कंडक्टर आहे, एक बँकेतली आहे, एकीला जुळं आहे. कुशीवर कसं वळायचं, पलंगावरून पोटाला ताण न देता कसं उठायचं, मांड्या घासून सोलवटल्या तर काय लावायचं, हे सगळं तिथं मोकळेपणानं बोलतात. मंडळाचा नियम एकच. 'पण चेहरा गोड आहे हो' असं कुणी कुणाला म्हणायचं नाही. कंडक्टर म्हणते, हे वाक्य ऐकलं की समजायचं, गळ्याखालचं सगळं नापास.

आम्हाला तिथं फक्त कुरवाळतात असं वाटत असेल तर तसं नाही. माझी साखर काठावर निघाली तेव्हा नर्सनं मला चांगलं फैलावर घेतलं. रोज चालायला लावलं, ताटातलं काय काढायचं ते सांगितलं. मी रडकुंडीला येऊन म्हटलं, "तुम्हीसुद्धा?" ती म्हणाली, "मी वजनाचं बोलत नाहीये, साखरेचं बोलतेय. दोन्हींतला फरक कळत नसेल तर आणखी एक फेरी मारून ये." मी मारून आले. साखर आता आटोक्यात आहे.

मी अजून चष्म्याच्या दुकानात कामाला जाते, शेवटच्या महिन्यापर्यंत जाणार आहे. आमच्याकडे कुणाचं नाक रुंद असलं तर आम्ही फ्रेम वाकवतो. नाक तासून या असं कुणाला सांगत नाही.

तुझी मुलगी


१८ एप्रिल

आई,

गाऊन आला.

शिवण सुरेख आहे, नेहमीसारखी. पाजायला सोपं जावं म्हणून छातीपुरते पुढून उघडणारे बंद लावलेस, गळ्याला मऊ पट्टी लावलीस. तुला सगळं सुचतं. फक्त तो मला होत नाही.

दंडात अडकला. दोन्ही हात वर, तोंड कापडात, अशी मी खोलीच्या मधोमध उभी आणि तुझा जावई खालून हळूहळू ओढतोय. तो हसला नाही. त्याच्या लिफ्ट बंद पडतात तेव्हाही तो आत अडकलेल्यांना दोष देत नाही, म्हणतो चूक दोराची असते. हसले मीच. मग हसता येईना.

सोबत तुझी चिठ्ठी. "थोडा बेतानं शिवलाय. बाळ झालं की अंग उतरेल, मग ढगळ दिसेल. कापड वाया जायला नको."

बाळंतपणात घालायचा गाऊन बाळंतपणानंतर होणार आहे. हे फक्त तुलाच सुचू शकतं. मी लिहिलं होतं की मापं बरोबर आहेत. माया ठेव असंही लिहिलं होतं. मी भीक मागितल्यासारखं लिहिलं होतं आणि तू मला ढगळ दिसण्यापासून वाचवलंस.

मग आता तेही सांगून टाकते. दोन वर्षं तू सगळ्या नात्यागोत्यात विचारत फिरतेस की ही माझ्याशी का बोलत नाही. मूल गेलं त्या दुपारी तू माझ्या पलंगाशी बसली होतीस. मला झोप लागली असं तुला वाटलं. शेजारच्या पलंगावरच्या बाईनं हळहळून काही विचारलं, तेव्हा तू म्हणालीस, "एवढ्या मांसात जीव धरणार कुठं? लहानपणापासून सांगतेय हिला." त्याच सकाळी डॉक्टरांनी आपल्या दोघींना सांगितलं होतं की असं पुष्कळ जणींचं होतं, कारण सापडत नाही, आईचा दोष नसतो. तू मान हलवली होतीस. आणि दुपारी एका परक्या बाईला सांगून मोकळी झालीस. मी डोळे मिटून पडून राहिले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

रोज जाग आली की मी आधी पोटावर हात ठेवते. लाथ येईपर्यंत मला तुझं ते वाक्य ऐकू येत असतं. लाथ आली की बंद होतं. कधी कधी ते बाळ आळशीपणा करतं, आणि तेवढा वेळ मी तुझ्या वाक्याबरोबर एकटी असते.

यापुढे काही पाठवू नकोस. बाळंतपणालाही येऊ नकोस. गाऊन कपाटात अगदी खाली टाकला आहे.


११ जुलै

आई,

मुलगी झाली हे तुला जावयानं फोनवर सांगितलंच आहे. आम्ही दोघी ठीक आहोत. मी लिहिणार नव्हते. पण एक गोष्ट अशी झाली की ती तुला न सांगता राहिले तर मला पचणार नाही.

कळा सुरू झाल्या तेव्हा बॅग तुझ्या जावयानं भरली. त्यानं कपाटातून तुझा गाऊन काढून घेतला. आईनं बाळंतपणासाठी शिवलाय ना, मग तो न्यायचाच, इतकं सरळ त्याचं डोकं. इस्पितळात पुन्हा तोच त्यांचा गाऊन, पुन्हा त्याच न भेटणाऱ्या नाड्या. मी भिंतीकडे सरकले. आणि हा तुझा गाऊन पुढे करून उभा. मी त्याला जे बोलले ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

मंडळाची नर्स त्या दिवशी कामावर होती. तिनं तो हातात घेतला, नुसता उलटा केला आणि म्हणाली, "थांब गं, यात माया आहे."

दोन कळांच्या मधे तिनं मला दाखवलं. दोन्ही कुशींना, दोन्ही बाह्यांना, काखेशी मुंढ्यालासुद्धा. चार चार बोटं कापड आत मुडपलेलं. कडा सुटू नयेत म्हणून नीट बांधलेल्या. आणि शिवणी दोन दोन होत्या. एक बाहेरची, बारीक टाक्यांची, पक्की, माझ्या खऱ्या मापावर. आणि तिच्या आत दुसरी, लांब टाक्यांची, एक टोक धरून ओढलं तर सरकन निघेल अशी. नर्सनं टोक धरलं आणि ओढलं. बाह्या मोकळ्या झाल्या, कुशी मोकळ्या झाल्या. मी तो अंगात घातला. तो मला झाला, आई. पाठ झाकली गेली. नुसता झाला नाही, खांद्यावर असा बसला की जन्मात माझा एकही कपडा तसा बसला नव्हता.

मला भरून आलं, खोटं कशाला बोलू. मग पुढची कळ आली आणि तिच्याबरोबर राग आला, आणि कळ गेली तरी तो गेला नाही.

कारण तुला माझं माप बरोबर कळलं होतं. तू आधी माझ्याच मापाचा शिवलास. मग कधीतरी तो टेबलावर पसरलेला तुला बघवला नाही, आणि तू आतून दुसरी टीप मारलीस. वर चिठ्ठी लिहिलीस बेताची आणि कापडाची. त्याच चिठ्ठीत एक ओळ लिहिता आली असती, 'घट्ट झाला तर आतली टीप काढ.' गिऱ्हाइकांना सांगायचीस ना तोंडानं? माया ठेवलीय हो आत. मला सांगायला तुझी जीभ वळली नाही. मीही शिंपिणीच्या पोटची, पण मी तो उलटा करून पाहिला नाही. तुझ्याकडून आलेल्या कपड्यात माया असेल असं माझ्या डोक्यातच आलं नाही. अडीच महिने तो कपाटात पडून होता आणि अडीच महिने मी तुला शिव्या देत होते. त्या परत घेत नाही.

जीव धरला, हेही तुला सांगायचं होतं. चांगला घट्ट धरला. इतका की बाहेर यायला तयार नव्हती. नर्सनं मला कुशीवर वळवलं, वरचा पाय स्वतःच्या खांद्यावर घेतला आणि म्हणाली, "हा पाय हलका नाहीये, लवकर आटप." मी हसले आणि त्या हसण्यातच मुलगी आली.

दूध पाजायला जमेना. बाळाचं नाक दबायचं, ती चिडायची. वॉर्डातली एक बाई म्हणाली, "एवढं मोठं असून उपयोग काय?" कंडक्टर मला भेटायला आली होती, ती तिला म्हणाली, "तुमचा स्टॉप आला, उतरा." मग नर्सनं टॉवेलची गुंडाळी करून छातीखाली दिली, बाळाला काखेखालून धरायला लावलं, पाय पाठीकडे, डोकं हातात. मंडळात हे आम्ही बाहुलीवर शिकलो होतो. तिसऱ्या खेपेला पोरीनं तोंड लावलं आणि गप्प झाली. तुझा गाऊन पुढून उघडतो, ते मात्र फार सोयीचं पडलं.


२४ ऑगस्ट

आई,

तुझं पार्सल मिळालं. झबली मिळाली, टोपडं मिळालं, पत्र मिळालं.

गाऊनबद्दल तू एक अक्षर लिहिलेलं नाहीस. त्या दुपारच्या वाक्याबद्दलही नाही. 'झालं गेलं गंगेला मिळालं' असं लिहिलंस. आई, ते गंगेला मिळालेलं नाही, ते माझ्याजवळ आहे. तुझ्याकडून 'मला आठवत नाही' एवढं जरी आलं असतं तरी मी वाचलं असतं.

तू विचारतेस, बाळसं धरलं का. धरलंय. मनगटाला वळ्या पडल्यात, मांड्यांना तीन तीन, एका हनुवटीच्या दोन झाल्या. येणारं-जाणारं प्रत्येक माणूस तिचा गाल ओढून म्हणतं, कशी गुटगुटीत आहे. तिची आणि माझी मांडी शेजारी शेजारी असते. तिच्या मांडीचं कौतुक करून मान वर केली की लोकांचा चेहरा बदलतो. घर तेच, रक्त तेच, वळ्या त्याच. माझ्या दुकानात लोकांना जवळचं आणि लांबचं वेगळं दिसतं, त्यासाठी आम्ही दोन नंबरांचा एकच चष्मा देतो. यासाठी काय द्यायचं ते आम्हाला शिकवलेलं नाही.

झबली मी उलटी करून पाहिली. आता ती सवय लागली आहे. प्रत्येकात दोन्हीकडून भरपूर माया आहे. तू लिहिलंस, 'वाढत्या अंगाची शिवली आहेत, वर्षभर पुरतील.' मी ते वाक्य वाचलं आणि कितीतरी वेळ झबलं मांडीवर घेऊन बसले. माझंही अंग वाढतंच होतं, आई. पहिलीत वाढत होतं, पाचवीत वाढत होतं. सगळ्या पोरांचं वाढतं तसंच, जरा जास्त. तुझ्याकडे कापड नव्हतं असं नाही. कापडाच्या ढिगावर बसून मी अभ्यास करायचे.

तू यायचं म्हणतेस. ये.

जावई म्हणतो म्हणून नाही. मुलीला आजी असावी म्हणून. मी तुला माफ केलं असं कुणाला सांगू नकोस, मी केलेलं नाही. टेप घरी ठेवून ये. माझ्याकडे पाहून जे म्हणावंसं वाटेल ते जिन्यातच म्हणून घे आणि मग वर ये. आणि येण्याआधी एक ठरवून ये. बाळसं कुठल्या दिवशी संपतं आणि जाडी कुठल्या दिवशी सुरू होते, ते तुला माहीत असणार, कारण माझ्या वेळी तो दिवस तूच ठरवला होतास. तो दिवस मला आधी सांग. त्याच्या आदल्या दिवशी मी तुला स्वतः गाडीत बसवून देईन आणि हसतमुखानं हात हलवीन.

शेवटची गोष्ट. पत्राच्या तळाला तू लिहिलंस, 'आमच्या छोट्या ढब्बूला आजीचा मुका.' मुका मी दिला. नाव दिलं नाही. तिला ते नाव द्यायचं नाही, लाडानंसुद्धा नाही, तिच्या पाठीमागेसुद्धा नाही. ते नाव अजून मी वापरते आहे.

ढब्बू